जर्मनचे दुसरे वर्ष

कोणतीही नवी भाषा शिकायला घेतली, की पहिले वर्ष मजेत जाते. नमस्कार कसा करायचा, आपले नाव कसे सांगायचे, शंभरपर्यंत कसे मोजायचे, हे शिकताना मुले खूश असतात. दुसऱ्या वर्षी मात्र व्याकरण समोर उभे राहते. ‘काल काय झाले ते सांग’, ‘तू का आला नाहीस त्याचे कारण लिही’, असे प्रश्न येतात आणि पाठ केलेली वाक्ये अपुरी पडतात. भाषा पुढे चालू ठेवायची की सोडायची, हे बहुधा याच वर्षी ठरते.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात जर्मन शिकवली जाते. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला हा विषय घेता येतो. काही शाळांत तो त्याच्याही आधी सुरू होतो. घरी उर्दू, शाळेत मराठी, शिवाय हिंदी आणि इंग्रजी. मग ही पाचवी भाषा कशाला, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण जर्मनमध्ये ज्या गोष्टी अवघड समजल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही उर्दू आणि मराठी बोलताना रोज करता. तसे तुम्हांला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

आधी उच्चार पाहू. पुस्तकाला जर्मनमध्ये ‘बूख़’ म्हणतात. त्यातला शेवटचा आवाज म्हणजे तुमचे ‘ख़े’ हे अक्षर. केवळ मराठी बोलणारा मुलगा तेथे ‘बूख’ म्हणतो आणि शिक्षकांना त्याला पुन्हा पुन्हा सुधारावे लागते. सूर्याला ‘ज़ोनं’ म्हणतात, तेथे ‘ज़े’ कामी येते. अनेक जर्मन लोक ‘र’ घशातून काढतात, तो ‘ग़ैन’च्या जवळ जातो. याउलट दहा म्हणजे ‘त्सेन’. त्यातला पहिला आवाज उर्दूत नाही, पण मराठीत आहे. ‘चाक’, ‘चोर’ या शब्दांतला ‘च’ तो हाच. तुम्ही ‘चोर’ उर्दूप्रमाणे उच्चारता, तेव्हा वर्गातली मुले हसतात ना? तो मराठी ‘च’ एकदा जिभेवर बसला, की जर्मनचे निम्मे आकडे सोपे होतात. आकड्यांची घडणही ओळखीचीच आहे. एकवीस म्हणताना आपण आधी ‘एक’ म्हणतो, मग ‘वीस’. उर्दूतल्या ‘इक्कीस’मध्येही तसेच. जर्मन माणूसही ‘एक आणि वीस’ असेच म्हणतो. इंग्रजीची सवय लागलेल्यांना हा उलटा क्रम त्रास देतो. तुम्हांला तो उलटा वाटायचे कारण नाही.

यानंतर येते लिंग. जर्मनमध्ये नामाच्या आधी ‘देअर’, ‘दी’ किंवा ‘दास’ लावतात; म्हणजे आपले तो, ती, ते. उर्दूत दोनच लिंगे असल्यामुळे मराठीतले नपुंसकलिंग तुम्हांला छळते. ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून तुमच्या तोंडून ‘माझी पुस्तक’ असे निघून जाते. मराठीत ते पुस्तक, आणि जर्मनमध्येही ‘दास बूख़’, म्हणजे नपुंसकलिंगीच. घर आणि पाणी हे शब्द उर्दूत पुल्लिंगी आहेत, मराठीत नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये ‘दास हाउस’ आणि ‘दास वासर’, म्हणजे मराठीसारखेच. मुलीला जर्मनमध्ये ‘दास मेडशन’ म्हणतात, हे ऐकून तर सगळा वर्ग हसतो. मुलगी नपुंसकलिंगी कशी? कारण असे, की ‘शन’ हा प्रत्यय लहान, लाडक्या गोष्टींना लागतो आणि तो लागलेला शब्द नपुंसकलिंगी होतो. मराठीत लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू या शब्दांचे लिंग कोणते आहे? कोल्हापूरच्या बोलीत ‘ते पोरगं’ म्हणतात, त्यात तरी कुणाला वावगे वाटते का?

मात्र मराठीवर सगळा भार टाकू नका. खिडकी आपल्याकडे ‘ती’ आहे, जर्मनमध्ये ‘दास फ़ेन्स्टर’. दार आपल्याकडे ‘ते’, तिकडे ‘दी ट्यूर’. तिसऱ्या लिंगाची सवय मराठी लावते. कोणता शब्द कोणत्या लिंगाचा, हे पाठच करावे लागते. म्हणून चांगले शिक्षक वहीत नुसता शब्द लिहू देत नाहीत. ‘देअर’, ‘दी’ किंवा ‘दास’ त्याच्यासोबत हवेच.

आता दुसऱ्या वर्षाचे खास धडे. ‘मला हे आवडते’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत येथे ‘मी’ कर्ता असतो. उर्दूत आपण ‘मुझे पसंद है’ म्हणतो, मराठीत ‘मला आवडते’. जर्मनमध्ये ‘एस गेफ़ेल्ट मिअर’. ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. ही विभक्ती इंग्रजीतून समजावायला शिक्षकांना अर्धा तास लागतो. उर्दूतून किंवा मराठीतून एक वाक्य पुरते. किंवा हे वाक्य पाहा: ‘मला माहीत आहे, की तो कोल्हापुरात राहतो.’ जर्मनमध्ये ‘की’नंतरचा भाग ‘दास एअर इन कोल्हापूर वोन्ट’ असा येतो. शब्दाशी शब्द लावून पाहा: की, तो, कोल्हापुरात, राहतो. क्रियापद शेवटी. जर्मनमध्ये मुख्य वाक्याचे क्रियापद दुसऱ्या जागी असते, पण ‘की’, ‘कारण’, ‘जेव्हा’ असे शब्द आले, की ते शेवटी जाऊन बसते. आपले क्रियापद तर नेहमीच शेवटी बसते.

भूतकाळ जरा किचकट आहे. ‘मी खाल्ले’ यासाठी ‘इश हाबं गेगेसन’ आणि ‘मी गेलो’ यासाठी ‘इश बिन गेगांगन’. एकदा ‘हाबं’ आणि एकदा ‘बिन’, असे का? उर्दूत तुम्ही ‘मैं ने खाया’ म्हणता, पण ‘मैं गया’ म्हणताना ‘ने’ लावत नाही. जेथे ‘ने’ येतो, तेथे जर्मनमध्ये बहुधा ‘हाबं’ येते. जाणे, येणे, पडणे यांत ‘ने’ नाही आणि तेथे ‘बिन’ येते. ‘बहुधा’ हा शब्द विसरू नका. ‘मैं सोया’ यात ‘ने’ नाही, तरी जर्मन माणूस झोपण्यासाठी ‘हाबं’च वापरतो. खरा नियम असा, की एका जागेहून दुसऱ्या जागी जाणे किंवा एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे असेल, तर ‘बिन’.

जर्मन बहुतेक वेळा इंग्रजीच्या आधाराने शिकवली जाते, कारण पुस्तके तशी मिळतात. ते सोयीचे आहे, पण आपल्या मुलांना ते फायद्याचे आहे असे मला वाटत नाही. जवळची वाट सोडून वळसा घालण्यासारखे ते आहे.

भाषेबरोबर लोकांच्या चालीरीतीही शिकाव्या लागतात. जर्मन शाळेत १ हा सर्वांत चांगला गुण आणि ६ हा सर्वांत वाईट. पाठातला मुलगा ‘मला गणितात एक मिळाला’ म्हणून नाचतो, तेव्हा आपल्याला त्याची काळजी वाटते. शिक्षकांना तेथे ‘सर’, ‘बाई’ किंवा ‘आपा’ म्हणत नाहीत. आडनावाआधी ‘हेअर’ किंवा ‘फ़्राउ’ लावतात आणि ‘ज़ी’ म्हणतात, म्हणजे ‘आप’. मित्राला ‘डू’, म्हणजे ‘तू’. इंग्रजीत हा भेद उरलेला नाही; तुम्हांला तो लहानपणापासून ठाऊक आहे.

आणखी एक शब्द तुम्हांला नक्की आवडेल. जर्मनीत ईद-उल-फ़ित्रला ‘त्सुकरफ़ेस्ट’ म्हणतात, म्हणजे साखरेचा सण. १९६१ मध्ये तेव्हाच्या पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांबाबत करार केला. त्यानंतर लाखो तुर्की लोक तेथे गेले आणि पुष्कळ जण तेथेच स्थायिक झाले. त्यांच्या ईदचे गोड नाव जर्मन भाषेत रुजले. दुसऱ्या वर्षी ‘माझा सण’ या विषयावर दहा वाक्ये लिहायला सांगतात. शिरखुर्मा कसा करतात, नवे कपडे घालून कोणाकडे गेलो, हे सगळे त्यात लिहिता येते, आणि भूतकाळाचा सरावही होतो.

उर्दू आणि जर्मन यांचे नाते तसे जुने आहे. जर्मन महाकवी ग्योटे याने फ़ारसी कवी हाफ़िज़ याचे भाषांतर वाचले आणि भारावून जाऊन १८१९ मध्ये आपला ‘दीवान’ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने अरबी अक्षरे गिरवली होती. अल्लामा इक़्बाल १९०७ मध्ये हायडेलबर्ग येथे राहून जर्मन शिकले आणि म्यूनिक विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. १९२३ मध्ये त्यांनी ग्योटेच्या दीवानाला उत्तर म्हणून ‘पयाम-ए-मशरिक़’ हा फ़ारसी काव्यग्रंथ दिला. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन बर्लिनमध्ये शिकले. तेथे असतानाच त्यांनी ग़ालिबचा दीवान सुबक रीतीने छापून घेतला. बर्लिनमधल्या छापखान्यात उर्दू दीवान! आपल्या भाषेची लाज बाळगणारा विद्यार्थी असे करू शकला नसता.

जर्मन शिकली की लगेच नोकरी मिळते, असे सांगणारे लोक हल्ली भेटतात. त्यांचे ऐकताना सावध राहा. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, हे खरे आहे. जर्मनीत कारखान्यात काम आणि आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा, अशी प्रशिक्षणाची पद्धत आहे. शिकतानाही तेथे दरमहा पैसे मिळतात. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या कारखान्यांत ज्यांचे वडील, भाऊ काम करतात, त्यांना ही पद्धत लगेच समजेल. पण भाषेच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात. शाळेतील दोन वर्षांत फार तर ए-२ गाठता येते. अशा प्रशिक्षणासाठी बहुधा बी-१ किंवा त्याहून अधिक लागते आणि परिचारिकेला सामान्यतः बी-२.

ए-२ची परीक्षा देण्यासाठी कोल्हापूरची मुले पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जाऊ शकतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग असतात. १०० पैकी ६० गुण मिळवावे लागतात. बोलण्याच्या भागात दोन परीक्षार्थी समोरासमोर बसतात. दोघांनी मिळून भेटण्याची वेळ ठरवायची असते. त्याचा सराव घरी करता येतो: रंकाळ्यावर किती वाजता भेटायचे? फक्त एक लक्षात ठेवा. जर्मनमध्ये ‘हाल्प फ़िअर’ याचा शब्दशः अर्थ ‘अर्धा चार’. तो ऐकून तुम्ही साडेचारला पोहोचाल. पण ‘हाल्प फ़िअर’ म्हणजे साडेतीन, आणि तोपर्यंत तुमचा मित्र तासभर वाट पाहून घरी निघून गेलेला असेल.