तंबाखूचा मक्ता आणि आपला काटा

धान्याच्या व्यापाऱ्याने तंबाखूविषयी का लिहावे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडेल. तंबाखू हे व्यसन आहे व आपल्या धर्मास ते संमत नाही. परंतु निपाणीच्या वखारींवर कित्येक घरांचे संसार उभे राहिले, हेही खरे आहे.

हे पीक मूळचे आपल्याकडील नव्हे. पोर्तुगीजांनी ते अमेरिका खंडातून आणले. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापुरास आला असता त्याने तंबाखू प्रथम पाहिली व बादशहापुढे नेऊन ठेवली. पुढे घाटाखाली गोव्यात पोर्तुगीज सरकारने तिच्या विक्रीचा मक्ता केला. माल ब्राझीलमधील बाहिया प्रांतातून लिस्बनमार्गे येई. जो सर्वांत मोठी रक्कम कबूल करी, त्यालाच विक्रीचा हक्क मिळे. १६७४ साली लिस्बन येथे या व्यवहारासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, यावरून राजाच्या प्राप्तीची कल्पना यावी. अशा इजाऱ्यास तिकडे 'रेंद' म्हणत. माडी काढणाऱ्यास गोव्यात म्हणतात तो 'रेंदेर' शब्द त्यातूनच आला.

मक्ता परकीयांचा होता. मक्तेदार मात्र बहुधा येथलेच, सारस्वत व इतर सावकार होते. राजाची रक्कम ठरलेली. ती भरून नफा उरवावयाचा तर भाव चढविणे आलेच, आणि भाव चढला की चोरटा माल आला. ग्राहक नागवला जाई तो परक्याच्या हुकुमाने, पण आपल्याच माणसाच्या हातून.

निपाणीची विडी-तंबाखूची पेठ अशा मक्त्याविना वाढली. १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला व कच्च्या पानावरील कर १९७९ साली उठला. परंतु खरेदीदार अनेक होते, म्हणून बाजार खुला आहे असे आपण मानीत आलो. १९८१ साली शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी गोळीबार होऊन काही जण प्राणास मुकले. भाव व वजन ही दोन्ही व्यापाऱ्याच्याच हाती आहेत, असे त्यांचे गाऱ्हाणे होते.

ते सर्वस्वी खोटे होते, असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. धान्याच्या पेठेत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविताना आम्ही पाहिले आहे, आणि आम्ही स्वतः ठरविलेही आहेत. दहा खरेदीदार मनातून एक झाले की शेतकऱ्यापुढे एकच खरेदीदार उरतो. मक्त्यास राजाच लागतो असे नाही.

अचौर्य व्रताच्या अतिचारांत आपल्या आचार्यांनी 'हीनाधिकमानोन्मान' सांगितला आहे : घेताना एक माप, देताना दुसरे. परकीयांचा मक्ता कधीच गेला. आपल्या काट्यात तो उरला आहे काय, हे ज्याचे त्याने दुकानाचे दार लावून एकदा पाहावे, एवढीच सभासद बंधूंस आमची विनंती आहे.