कोरड्या डोळ्यांसाठी कोणता थेंब?

तिसगाव : अहिल्यानगरहून करंजी घाट ओलांडून पाथर्डीकडे जाताना तिसगाव लागते. हा पर्जन्यछायेतला मुलूख आहे. पावसाळा सरला, की कोरडा वारा आणि धूळ यांचा मुक्काम येथे बरेच महिने असतो. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. डोळ्यांत काहीतरी खुपते, आग होते, सारखे पाणी येते, या तक्रारी अशा भागात नव्या नाहीत. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांची तक्रारही नेमक्या याच शब्दांत असते. दोघेही बहुधा एकच मार्ग धरतात. औषधाच्या दुकानात जाऊन ‘डोळ्यांचे ड्रॉप्स’ मागतात. तक्रारीचे शब्द सारखे असले, तरी कारण वेगळे असू शकते. एकाला आराम देणारी बाटली दुसऱ्याची दृष्टी हिरावून घेऊ शकते.

अश्रूंचे तलम आवरण

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर असते. पारदर्शक राहण्यासाठी त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा बराचसा प्राणवायू हवेतून, अश्रूंच्या थरामार्गे मिळतो. हा थर म्हणजे केवळ खारट पाणी नव्हे. तळाशी श्लेष्मल द्रव्य, मध्ये पाणी, क्षार व जंतुरोधक प्रथिने आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा अशी त्याची रचना असते. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येते आणि पाण्याचे बाष्पीभवन रोखते. प्रत्येक उघडझापीबरोबर हा थर नव्याने पसरतो.

या व्यवस्थेत बिघाड दोन प्रकारे होतो. एक तर अश्रू कमी तयार होतात किंवा तयार झालेले लवकर उडून जातात. अनेकांमध्ये दोन्ही कारणे एकत्र आढळतात. आपण एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. वातानुकूलन यंत्राची किंवा पंख्याची थेट झोत, चुलीचा धूर, दुचाकीवरचा वारा यांनी बाष्पीभवन वाढते. वाढते वय, स्त्रियांमधील रजोनिवृत्ती, मधुमेह, थायरॉइडचे विकार, सर्दी-ॲलर्जीच्या व नैराश्यावरील काही गोळ्या, मोतीबिंदूची किंवा चष्म्याचा नंबर घालवणारी शस्त्रक्रिया हीदेखील कारणे असू शकतात. डोळे कोरडे असूनही पाणी का येते, हा प्रश्न अनेकांना पडतो. कोरडेपणामुळे पारपटलावरील मज्जातंतू चेतवले जातात आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. त्या पाण्यात थर टिकवण्याची पुरेशी क्षमता नसल्याने ते गालावर ओघळून जाते.

हा विकार आजचा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘शुष्काक्षिपाक’ या नावाने अशा लक्षणांचा नेत्ररोग सांगितला आहे. अश्रूंचे प्रमाण मोजण्यासाठी कागदी पट्टी खालच्या पापणीत अडकवण्याची शर्मर चाचणी १९०३पासून ओळखीची आहे. पाच मिनिटांत पट्टी पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली, तर अश्रूंची कमतरता मानली जाते.

बाटलीत असते काय?

कोरडेपणासाठी सर्वप्रथम दिले जाणारे थेंब म्हणजे कृत्रिम अश्रू. त्यांत कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायलुरोनेट किंवा पॉलिएथिलिन ग्लायकॉल यांपैकी एखादे वंगण असते. ते पाणी धरून ठेवते, पापणी व पारपटल यांमधील घर्षण कमी करते आणि खरचटलेल्या पृष्ठभागाला भरून येण्यास अवसर देते. तेलाचा थर विरळ असणाऱ्यांना स्निग्ध घटक असलेले थेंब अधिक उपयोगी पडतात. रात्रीसाठी जेल किंवा मलम दिले जाते, त्याने काही वेळ धूसर दिसते. हे सारे उपाय उणीव भरून काढतात, मूळ कारण दूर करीत नाहीत.

कोरडेपणामागे दाह असेल, तर सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले जातात. अमेरिकेत या औषधाला २००२मध्ये मान्यता मिळाली. त्याचा गुण येण्यास काही महिने लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून ते सोडून देणे चुकीचे ठरते. अतितीव्र विकारात रुग्णाच्याच रक्तातील द्रवापासून थेंब तयार करून वापरले जातात.

बाटली उघडल्यावर जंतू वाढू नयेत म्हणून अनेक थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक घातलेले असते. दीर्घकाळ, वारंवार वापरल्यास तेच पारपटलाच्या पेशींना इजा करते. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब घालावे लागत असतील, तर परिरक्षकविरहित थेंब वापरणे हितावह असते. मात्र अशा थेंबांत निर्जंतुकता हीच सर्वांत मोठी अट असते. चेन्नईच्या ग्लोबल फार्मा हेल्थकेअर या कंपनीने बनवलेले कृत्रिम अश्रू २०२३मध्ये अमेरिकेत परत मागवावे लागले. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूच्या त्या साथीत १८ राज्यांतील ८१ जणांना संसर्ग झाला. १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला, असे तेथील रोगनियंत्रण केंद्राने नोंदवले.

ऊस, पाते आणि चुकीचा थेंब

खरा धोका असतो तो निराळ्याच बाटलीत. लाल डोळा झटपट पांढरा करणारे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात. ते सतत वापरल्यास लाली पुन्हा उसळते. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी तर तासाभरात बरे वाटू लागते आणि म्हणूनच जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजाऱ्याची बाटली मागून ते वापरले जातात. देखरेखीविना त्यांचा दीर्घ वापर काचबिंदू आणि मोतीबिंदू यांना निमंत्रण देतो.

शेतात काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. पाचट काढताना ती डोळ्याला लागली किंवा मळणीत उडालेले कुसळ गेले, तर पारपटलावर ओरखडा उठतो आणि त्यातून बुरशीचा शिरकाव होऊ शकतो. सुरुवातीला वाटते ते केवळ ‘खुपणे’. अशा डोळ्यात स्टेरॉइडचा थेंब पडला, तर वेदना तात्पुरती कमी होते आणि बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. व्रण बरा झाला, तरी मागे पांढरा डाग उरतो. गावाकडे त्याला ‘फूल पडले’ म्हणतात. ते बुबुळाच्या मध्यावर असेल, तर नेत्रदानातून मिळालेल्या पारपटलाचे रोपण हाच बहुधा उपाय राहतो. मध, दूध, गुलाबपाणी घालणे किंवा काडी-कापसाने कण काढणे यांनीही संसर्ग वाढतो.

वेळेवर केलेला साधा उपचार किती मोलाचा असतो, हे नेपाळमधील भक्तपूर येथील अभ्यासाने दाखवून दिले. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ओरखडा उठल्यापासून १८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम सुरू केलेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. उशीर होत गेला, तसे व्रणाचे प्रमाण वाढले. पाथर्डीतून दूरच्या फडावर गेलेल्या कामगाराच्या दृष्टीने हे तास फार महत्त्वाचे आहेत. एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढले जाते आणि किंमत डोळ्याला चुकवावी लागते.

फरक कसा ओळखावा?

दोन्ही डोळ्यांत, अनेक आठवड्यांपासून, संध्याकाळी किंवा पडद्यापुढे वाढणारी चुरचुर ही बहुधा कोरडेपणाची खूण असते. याउलट एकाच डोळ्यात अचानक तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, दृष्टी अंधूक होणे, चिकट घाण येणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, ही व्रणाची लक्षणे असू शकतात. डोळ्याला मार लागला असेल किंवा डोळ्यात लेन्स वापरत असाल, तर अधिकच सावध राहावे. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

थेंब घालण्याचीही पद्धत आहे. हात स्वच्छ धुवावेत, खालची पापणी किंचित ओढून एकच थेंब सोडावा आणि मिनिटभर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा हलके दाबावा. डोळ्यात एका थेंबापेक्षा अधिक द्रव मावत नाही. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. उघडलेली बाटली साधारण महिनाभराने टाकून द्यावी आणि ती घरात सामाईक नसावी. संगणकावर काम करणाऱ्यांनी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहावे आणि पापण्या पूर्ण मिटाव्यात. उसाच्या फडात साधा संरक्षक चष्मा वापरावा. बाटली विकत घेण्यापूर्वी तिच्यावरील घटकांची नावे वाचावीत. त्यात ‘डेक्सामेथासोन’, ‘बीटामेथासोन’ किंवा ‘प्रेडनिसोलोन’ यांपैकी एखादे नाव असेल, तर डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीशिवाय ती बाटली डोळ्याजवळ नेऊ नये.