क्वाचा घसरला त्या आठवड्यात

९ नोव्हेंबर २०२३ रोजी मलावीच्या रिझर्व्ह बँकेने आपल्या चलनाचा भाव एका फटक्यात खाली आणला. आदल्या दिवशी एका डॉलरला ११८० क्वाचा मिळत होते, त्या दिवसापासून १७०० मिळू लागले. पेट्रोलही लगेच जवळपास त्याच प्रमाणात चढलं. मी तेव्हा राजधानी लिलाँग्वेमध्ये, एका आंतरराष्ट्रीय विकाससंस्थेच्या मलावी कार्यालयाचे पैसे सांभाळत होते. शेती, पिण्याचं पाणी, वादळग्रस्तांना रोख मदत अशी आमची कामं. पैसा यायचा युरो आणि डॉलरमध्ये, खर्च व्हायचा क्वाचामध्ये आणि हिशेब द्यायचा पुन्हा युरो-डॉलरमध्येच.

सांगलीहून घरचा फोन आला, "डॉलर वधारला म्हणजे तुमची चंगळच की गं!" कागदावर तसं दिसतं खरं. एक लाख डॉलरच्या ग्रँटचे आदल्या दिवशी ११ कोटी ८० लाख क्वाचा झाले असते, दुसऱ्या दिवशी १७ कोटी. पण जो पैसा आधीच बदलून क्वाचाच्या खात्यात टाकला होता, त्याची डॉलरमधली किंमत रात्रीत सुमारे तीस टक्क्यांनी उतरली. म्हणूनच अशा कार्यालयाने सहा महिन्यांचा पैसा एकदम मागवून ठेवायचा नसतो. पुढच्या महिन्यात कुणाला किती द्यायचंय याचा अंदाज प्रत्येक प्रकल्पाकडून घ्यायचा, मुख्यालयाला तेवढीच मागणी पाठवायची, डॉलर डॉलरच्या खात्यात ठेवायचे आणि लागतील तसे बदलायचे. हा अंदाज प्रकल्पाच्या माणसांकडून वेळेवर काढून घेणं हीच या नोकरीतली रोजची लढाई.

वाढीव दिसणारे क्वाचासुद्धा मोकळे नसतात. करारात ज्या कामासाठी पैसा दिला, त्याच कामावर आणि त्याच मुदतीत तो खर्चायचा; उरला तर परत करायचा. एका शीर्षाखालची मोठी रक्कम दुसऱ्याकडे वळवायची तर देणाऱ्याची लेखी परवानगी लागते. इकडे बाजार परवानगीसाठी थांबत नाही. दक्षिणेकडे, शिरे नदीच्या खोऱ्यातल्या न्सान्जे जिल्ह्यात आम्ही कुटुंबांना दरमहा रोख मदत देत होतो. मार्च २०२३ मधल्या फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत सहा लाखांहून जास्त लोकांना घराबाहेर काढलं होतं. मदतीची रक्कम क्वाचामध्ये ठरलेली, आणि मका महिन्यागणिक महागत चाललेला. आमच्या तक्त्यात त्या शीर्षाखाली डॉलर शिल्लक दिसत होते आणि त्याच वेळी बायका तेवढ्याच पैशांत कमी मका घेऊन घरी जात होत्या. तो तक्ता मला वाचवेना. बाजारातले मक्याचे भाव जोडून आम्ही रक्कम वाढवून मागितली. वित्त विभागाने हे वेळेवर दाखवून दिलं नाही, तर दुसरं कुणी दाखवत नाही, कारण दोन्ही चलनांतले आकडे एकत्र फक्त आमच्याच समोर असतात.

स्थानिक कर्मचाऱ्यांचे पगारही क्वाचामध्येच होते. चालक, रोखपाल, क्षेत्र-अधिकारी, सगळ्यांची मिळकत त्या एका दिवसात आकसली. पगारवाढीची फाइल मी मक्याच्या फाइलीइतकीच निकराने लढवली आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आता नियंत्रणाबद्दल. मागणी करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा, हा पहिला नियम. चार माणसांच्या जिल्हा कार्यालयात एक जण रजेवर गेला की हा नियम लंगडतो. मग मंजुरी लिलाँग्वेतून घ्यायची, पण नियम मोडायचा नाही. तीन कोटेशनं हवीत, पण तालुक्याच्या गावी सिमेंटचं दुकान एकच. अशा वेळी ते एकच का, हे लिहून फाइलीत लावायचं. मोबाइलवरून, एअरटेल मनी किंवा म्पाम्बाने पैसे पाठवले तरी यादीतल्या बाईच्या हाती ते पडले का, हे गावात जाऊन विचारायचंच.

हा काटेकोरपणा मलावीत का हवा, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. २०१३ मध्ये 'कॅशगेट' उघडकीला आलं. न पुरवलेल्या मालाची बिलं सरकारी संगणकप्रणालीतून चुकती झाली आणि नोंदी पुसल्या गेल्या. परदेशी देणगीदारांनी सरकारी तिजोरीत थेट पैसा देणं थांबवलं. चोरी काहींनी केली आणि चटका बसला तो दवाखान्यात औषधासाठी रांगेत उभ्या असलेल्यांना.

आणि तरीही या राखणीचा खर्च सगळ्यांना खुपतो. युरोपीय संघ अप्रत्यक्ष खर्चासाठी साधारणपणे ७ टक्क्यांपर्यंत देतो. अमेरिकी सरकारी अनुदानात, ज्या संस्थेचा स्वतंत्र दर ठरलेला नाही तिला १० टक्के मिळत. ऑक्टोबर २०२४ पासून ते १५ झाले. आपल्याकडे भारतात, परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने अशा देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. मर्यादा असावीच. पण रोखपाल, ऑडिट, हिशेबाची प्रणाली, सगळं त्यातच बसवायचं आणि कठीण दिवसांसाठी गंगाजळीही उभी करायची, हे जमत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःची शिल्लक नव्हती त्यांच्यापुढे पगार आणि भाडं कुठून द्यायचं हा प्रश्न लगेच उभा राहिला. एका ग्रँटचा पैसा दुसऱ्या कामाला लावता येत नाही.

तुम्ही एखाद्या संस्थेला देणगी देत असाल, मग ती सांगलीतली असो की परदेशातली, तर 'शंभरातले किती रुपये गरिबापर्यंत जातात' एवढंच विचारून थांबू नका. लाभार्थींची यादी कोण करतं, पैसे पोचल्याची खात्री कोण करतं, लेखापरीक्षकाने काय शेरे मारले आणि त्यावर संस्थेने काय केलं, हे विचारा. उत्तरं नीट मिळाली, तर त्या संस्थेच्या हिशेबनिसाच्या पगारालाही तुमच्या देणगीतून हातभार लावा.