विंडोज ११ वर जाताय? आधी मराठी फाइल्स, फॉन्ट आणि ४८ अंकी की सांभाळा

नागपूरपासून साधारण ३० किलोमीटरवर असलेल्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांच्या आसपास लहान वर्कशॉप आहेत, वाहतूकदारांची ऑफिसं आहेत, झेरॉक्स काढून देणारी आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत. अशा ठिकाणी सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर आजही बिलं काढतो, मराठीत अर्ज टाइप करतो, बारकोड छापतो. त्यातल्या अनेकांसमोर सध्या एकच प्रश्न आहे. विंडोज १० चं आता काय करायचं?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही, पुढेही चालू राहील. पण नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटींची दुरुस्ती त्याला आपोआप मिळणार नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं, ग्राहकांचे आधार आणि पॅन क्रमांक भरले जातात, तिथे हा धोका मोठा आहे.

म्हणून बदल करायचा. पण 'अपग्रेड' बटण दाबण्याआधी अर्धा तास काढला, तर पुढचा आठवडाभराचा मनस्ताप वाचतो. काय करायचं ते क्रमाने पाहू.

तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेईल का?

विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. याशिवाय सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप मशीन पात्र आहे की नाही ते सांगतं.

ॲपने 'टीपीएम नाही' म्हटलं, तर लगेच निराश होऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये ही सोय असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनवर ती 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एफटीपीएम' या नावाने सापडते.

मशीन अपात्र असेल, तर दोन सरळ पर्याय आहेत. पहिला, घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला, तर पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट' पानावर नोंदणीची लिंक दिसते. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशीनना मात्र ही सोय लागू नाही.

दुसरा पर्याय लिनक्सचा. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून पाहता येतं. सी-डॅकने आपल्या देशासाठी तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. ब्राउझर, ईमेल आणि मराठी टायपिंग एवढंच काम असेल, तर लिनक्स पुरेसं आहे. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल, तर तो तिथे चालतो का हे आधी तपासा.

बटण दाबण्याआधी चार कामं

*एक, डेटाची प्रत.* बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी घ्या. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन फोल्डर हमखास विसरले जातात. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच सॉफ्टवेअरमधून घ्या.

*दोन, फॉन्टची प्रत.* मराठी वापरणाऱ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या मशीनवरच्या 'विंडोज' फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' या फोल्डरमध्ये जा. तिथून कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख असे जे मराठी फॉन्ट वापरात आहेत ते बाजूला कॉपी करून ठेवा. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल, तर परवाना नव्या मशीनवर कसा न्यायचा हे विक्रेत्याला आताच विचारा.

*तीन, जुनी उपकरणं.* विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. तुमचं विंडोज १० जर ३२-बिट असेल, तर त्यावर चालणारे ३२-बिट ड्रायव्हर आणि डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालणार नाहीत. वर्कशॉपमधला जुना वजनकाटा, लेबल प्रिंटर, एखाद्या यंत्राला जोडलेला कंट्रोलर किंवा जुना बिलिंग प्रोग्राम इथेच अडतो. उपकरणाच्या कंपनीच्या वेबसाइटवर ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते पाहा. मिळत नसेल, तर तेवढं एक मशीन इंटरनेटपासून तोडून जुन्याच सिस्टीमवर ठेवणं शहाणपणाचं.

*चार, रिकव्हरी की.* आता विंडोज ११ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की अनेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे डेटा कुलूपबंद होतो. लॅपटॉप चोरीला गेला तर हे फायद्याचं. पण पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार केला, तर स्क्रीनवर ४८ अंकी की मागितली जाते. ती नसेल, तर डेटा दुकानदारालाही काढता येत नाही.

की मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबपेजवर, तुमच्या डिव्हाइसच्या माहितीत मिळते. अडचण तेव्हा येते, जेव्हा कॉम्प्युटर सेट करून देणाऱ्याने स्वतःच्या किंवा तात्पुरत्या ईमेलने लॉगिन केलेलं असतं. मग की त्या दुसऱ्या अकाउंटमध्ये राहते. म्हणून मशीन ताब्यात घेताना अकाउंट तुमचंच आहे ना ते बघा, आणि की कागदावर लिहून बिलासोबत ठेवा.

अपग्रेड चालू असताना वीज जाणं परवडत नाही. वादळी पावसाच्या दिवसांत हे काम काढू नका. डेस्कटॉप असेल तर यूपीएस आणि लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज बॅटरी हवी.

नव्या सिस्टीमवर मराठी कशी बसवायची?

विंडोजची कळ आणि 'आय' एकत्र दाबा, सेटिंग्ज उघडेल. तिथे 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन', आणि 'ॲड अ लँग्वेज' मध्ये जाऊन मराठी निवडा. नंतर मराठीसमोरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक केलं, की कीबोर्ड जोडता येतो. दोन मुख्य पर्याय दिसतात.

'मराठी' हा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. शिकायला थोडे दिवस लागतात, पण सगळ्या भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच असल्यामुळे एकदा हात बसला की वेग चांगला येतो. 'मराठी फोनेटिक' मध्ये इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि समोर आलेल्या शब्दांतून हवा तो निवडायचा. मोबाइलवर तसं टाइप करायची सवय असलेल्यांना हा सोपा जातो.

इंग्रजी आणि मराठीत अदलाबदल करायला विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबा.

इनस्क्रिप्टवर 'शेतकऱ्यांना' मधला 'ऱ्या' अनेकांना अडतो. शिफ्टसोबत 'जे', मग 'डी', मग प्रश्नचिन्हाची कळ शिफ्ट न दाबता, आणि शेवटी 'ई'. एवढं लक्षात राहिलं, की अर्जातलं 'शेतकर्यांना' हे चुकीचं रूप टळतं.

जुनी मराठी फाइल उघडली आणि सगळं इंग्रजी दिसतंय

घाबरू नका, बहुधा फाइल बिघडलेली नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर खरं तर इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो आणि फॉन्ट त्या अक्षरांना फक्त देवनागरीचा आकार देतो. उदाहरणार्थ 'मराठी' हा शब्द कृतिदेवमध्ये ई, जे, के, बी, एच या पाच इंग्रजी अक्षरांत साठवला जातो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला, की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

बाजूला ठेवलेल्या फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबा. मग मजकूर निवडून तोच फॉन्ट लावा. मराठी पुन्हा दिसेल.

हा उपाय तात्पुरता आहे. असा मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर टाकला, तर पुन्हा इंग्रजी अक्षरंच दिसतात आणि गुगलवर शोधताही येत नाही. महत्त्वाच्या फाइल्स कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यानंतर जोडाक्षरं, रफार, 'ऱ्य' आणि आकडे डोळ्यांनी तपासा, कारण चुका याच ठिकाणी होतात. सातबारा, करारनामा किंवा बिलाच्या फाइलची मूळ प्रत कधीही पुसू नका.

उलट तक्रारही असते, 'मंगल फॉन्ट गायब झाला'. विंडोज ११ मध्ये देवनागरीसाठी 'निर्मला' हा फॉन्ट मुळातच असतो, मंगल मात्र वेगळा जोडावा लागतो. स्टार्टच्या शोधपट्टीत 'ऑप्शनल फीचर्स' टाइप करा आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' इन्स्टॉल करा. मंगलसोबत कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्टही येतात.

सवयीप्रमाणे मांडणी

स्टार्ट बटण मध्ये गेलेलं आवडत नसेल, तर 'पर्सनलायझेशन', मग 'टास्कबार', आणि 'टास्कबार बिहेवियर्स' मध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. राइट क्लिकवर जुना लांब मेनू हवा असेल, तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. कामाच्या वेळात अपडेटसाठी मशीन रीस्टार्ट होऊ नये म्हणून 'विंडोज अपडेट'च्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' दुकानाच्या वेळेनुसार लावा.

काही बिघडलं तर

*मशीन संथ झालं:* पहिले काही तास विंडोज मागे अपडेट आणि फाइल्सची अनुक्रमणिका करत असतं. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, तर 'ॲप्स' मधल्या 'स्टार्टअप' पानावर जाऊन नको असलेली ॲप बंद करा.

*प्रिंटर चालत नाही:* सेटिंग्जमधून प्रिंटर काढून टाका, कंपनीच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर घ्या आणि पुन्हा जोडा.

*इंटरनेट जोडत नाही:* आधी राउटर बंद-चालू करा. तरीही जमलं नाही, तर 'नेटवर्क रीसेट' वापरा. पण त्यात वायफायचा पासवर्ड पुसला जातो, तो आधी हाताशी ठेवा.

*विंडोज सुरूच होत नाही:* लॉगिनचं पान दिसत असेल, तर शिफ्ट दाबून 'रीस्टार्ट' करा. दुरुस्तीचा मेनू येईल. तिथे 'स्टार्टअप रिपेअर', शेवटचं अपडेट काढणं आणि 'सेफ मोड' हे पर्याय मिळतात.

*जमतच नाही, जुनंच बरं होतं:* अपग्रेड केल्यानंतर १० दिवसांच्या आत 'सिस्टीम', 'रिकव्हरी', 'गो बॅक' असं करून विंडोज १० वर परतता येतं. तोवर जागा रिकामी करण्याच्या नादात 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर पुसू नका, तो गेला की परतीची वाट बंद होते. म्हणून या १० दिवसांत प्रिंटर, बिलिंग, डिजिटल सही आणि जुन्या मराठी फाइल्स सगळं एकदा चालवून पाहा.

या संधीचा फायदा घेणाऱ्यांपासून सावध

'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं विंडोज बंद होणार आहे' असा फोन आला, तर तो ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकू नका. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा.

'क्रॅक' केलेलं विंडोज स्वस्तात टाकून देणारेही भेटतील. अपडेटसाठी एवढा खटाटोप करून पुन्हा असुरक्षित सिस्टीमवर येण्यात काही अर्थ नाही. हा लेख सेव्ह करून ठेवा आणि घरात किंवा ऑफिसात ज्यांच्या टेबलावर अजून विंडोज १० आहे, त्यांना पाठवा.