डुकराच्या पेशी, माणसाचे रक्त

डिसेंबर १८९३. ब्रिस्टलच्या इस्पितळात मधुमेहाने मरणाच्या दारात पोचलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. डॉ. वॉटसन विल्यम्स यांनी नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे त्याच्या त्वचेखाली बसवले. तीन दिवसांत मुलगा गेला. इन्शुलिनचा शोध तेव्हा अजून अठ्ठावीस वर्षे दूर होता. एका प्राण्याच्या ग्रंथीने दुसऱ्याचा मधुमेह आटोक्यात आणायची ही कल्पना वैद्यकाने मात्र आजवर सोडलेली नाही.

स्वादुपिंडात ‘लँगरहॅन्सची द्वीपे’ नावाचे पेशींचे बारीक पुंजके असतात. ग्रंथीच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. पण रक्तातली साखर सतत जोखून हवे तेवढेच इन्शुलिन सोडणाऱ्या बीटा पेशी त्यांच्यातच असतात. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच या पेशींना मारते. कॅनडात एडमंटन येथे डॉ. जेम्स शपिरो यांच्या गटाने मृत दात्यांची द्वीपे सात रुग्णांच्या यकृतात सोडली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सातही जणांचे इन्शुलिन सुटले. पण एकेका रुग्णासाठी किमान दोन स्वादुपिंडे लागली. इतके दाते आणायचे कुठून? म्हणून डुक्कर. त्याचे इन्शुलिन आपल्या इन्शुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे असते आणि रुग्णांनी ते कित्येक दशके टोचून घेतले आहे.

अडचण आहे ती शरीराच्या नकाराची, आणि हा नकार एकदाच येऊन थांबत नाही.

पहिला हल्ला रोपणाच्या क्षणीच होतो. द्वीपे यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली जातात. रक्ताला असा उघडा परका पृष्ठभाग सहन होत नाही. प्लेटलेट चिकटतात, गुठळी धरते, ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने पेशींच्या आवरणाला भोके पाडतात, पांढऱ्या पेशी गुठळीत शिरतात. काही तासांतच रोपणाचा मोठा वाटा वाया जातो. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात ओले कोर्सग्रेन आणि सहकाऱ्यांनी ही प्रक्रिया उलगडून दाखवली.

दुसरा हल्ला प्रतिपिंडांचा. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल ही शर्करा असते. आपल्या पूर्वजांत ती बनवणारे जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी निकामी झाले. आतड्यातल्या जिवाणूंवर मात्र तशीच शर्करा असते, त्यामुळे तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात कायम तयार असतात. २००२ साली हे जनुक पूर्ण बंद केलेली डुकरे जन्मली. कॉम्प्लिमेंटला आवर घालणारे मानवी प्रथिन असलेल्या डुकरांची द्वीपे पिट्सबर्गच्या संशोधकांनी माकडात वर्षभराहून अधिक काळ टिकवली.

तिसरा हल्ला टी-पेशींचा, आणि तो सर्वांत चिवट. टी-पेशीला परका ओळखून भागत नाही, दुसऱ्या पेशीचा दुजोराही लागतो. सीडी१५४ हा त्या दुजोऱ्यातला एक दुवा. तो प्रतिपिंडाच्या औषधाने अडवल्यावर २००६ मध्ये मिनेसोटा आणि एमरी विद्यापीठांच्या गटांनी डुकराच्या द्वीपांवर मधुमेही माकडांना शंभराहून अधिक दिवस इन्शुलिनविना ठेवले. पण याच प्रकारच्या सुरुवातीच्या औषधांनी माणसांत रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या, आणि प्रतिपिंडाची नवी घडण शोधावी लागली.

दुसरा मार्ग द्वीपांना कवच देण्याचा. समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या कवचातून साखर आणि इन्शुलिन ये-जा करतात, मारेकरी पेशी बाहेर राहतात. न्यूझीलंडमध्ये १९९६ साली एका रुग्णाच्या पोटात अशी द्वीपे सोडली होती. साडेनऊ वर्षांनी दुर्बिणीतून काढलेल्या कवचांत काही पेशी जिवंत होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या गटाने कायटोसानयुक्त कवच द्वीपांना मानवते का, हे तपासले. पण कवचाभोवती तंतुमय ऊती जमते आणि आतल्या पेशी प्राणवायूअभावी गुदमरतात.

या सगळ्या खटाटोपामागचा खरा पेच वेगळा आहे. हृदय निकामी झालेल्या माणसापुढे दुसरा पर्याय मृत्यूचा, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी जबर औषधेही तो पत्करतो. मधुमेह्याजवळ इन्शुलिन असते. सुई सोडवण्यासाठी त्याच्यावर आयुष्यभर संसर्गाचा आणि कर्करोगाचा वाढीव धोका लादणे न्याय्य नाही, लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. म्हणून रुग्णाला दुबळे करण्याऐवजी रोपणाची पेशीच बदलणे हाच मला सर्वांत आशेचा मार्ग वाटतो. २०२५ मध्ये उप्सालात जनुके बदललेली मानवी दात्याची द्वीपे एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत ठेवली गेली. प्रतिकार दाबणारे एकही औषध न देता ती बारा आठवडे जगली आणि इन्शुलिनही स्रवत राहिली. मात्रा मुद्दामच थोडी होती, त्यामुळे रुग्णाचे बाहेरचे इन्शुलिन सुटले नाही. पण परकी पेशी नजर चुकवून राहू शकते, हे माणसात दिसले.

डुकराच्या पेशीला याहून कितीतरी अधिक बदल लागतील. तिच्या जनुकसंचात दडलेल्या विषाणूंचाही बंदोबस्त हवा. २०१७ मध्ये ते निष्क्रिय केलेली पिल्ले जन्मली आहेत. यापुढच्या मानवी चाचण्यांकडे पाहताना द्वीपे किती दिवस टिकली एवढेच विचारून चालणार नाही. ती टिकवण्यासाठी रुग्णाने काय गमावले, हेही तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे. त्या उत्तरावरच हा उपचार कोणाच्या लेकराला द्यायचा की नाही हे ठरावे.