मंडळ नेमकं कोणासाठी?

तुमच्या शहरात मराठी मंडळ असेल, तर हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. गणपतीच्या आधीची मीटिंग, विषय हॉलच्या भाड्याचा. दहा मिनिटांत आवाज चढतात, कोणीतरी ‘मग तुम्हीच करा’ म्हणून उठतं, आणि पुढच्या वर्षी दोन कार्यकर्ते कमी होतात.

अशाच एका समितीने मला बोलावलं होतं. संस्थांमधल्या टीम कशा चालतात हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे मी समेट घडवून आणावा अशी अपेक्षा होती. मी फक्त नऊ कागद वाटले आणि एक प्रश्न विचारला: हे मंडळ उद्या बंद पडलं, तर कोणाचं अडेल? न बोलता लिहा.

कोणी लिहिलं, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचं. कोणी, इथे वाढणाऱ्या मुलांचं. कोणी, मुलांकडे राहायला आलेल्या आणि दिवसभर घरात एकटे असणाऱ्या आजी-आजोबांचं. म्हणजे भांडण भाड्याचं नव्हतंच. मोठा हॉल हवा की मराठी शाळेसाठी दोन खोल्या, हे ठरवायला लागणारं उत्तरच प्रत्येकाचं वेगळं होतं. आणि ते कधी उघड बोललं न गेल्यामुळे प्रत्येकाला समोरचा माणूस हट्टी वाटत होता.

‘भाषा, संस्कृती आणि एकोपा जपणे’ हे ध्येय मंडळाकडे होतं की! पण ज्याला कोणीच नाही म्हणू शकत नाही, अशा ध्येयावरून काहीच ठरवता येत नाही.

याउलट उदाहरण बघा. 25 मे 1961 रोजी केनेडींनी अमेरिकन काँग्रेससमोर सांगितलं की हे दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवायचा आणि सुखरूप परत आणायचा. ‘अवकाशात आघाडी’ यासारखं मोघम काही नाही, तर डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्र आणि मुदत.

त्याचा उपयोग कसा झाला? नासामधले बरेच वरिष्ठ दुसऱ्या मार्गांच्या बाजूने असताना जॉन हुबोल्ट नावाचा इंजिनिअर म्हणत होता की मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवा आणि छोटं यान खाली पाठवा. वजन खूप वाचेल. पण तोपर्यंत अवकाशात दोन यानं कधी जोडलीच गेली नव्हती, त्यामुळे कल्पना वेडेपणाची वाटायची. नोव्हेंबर 1961 मध्ये त्याने मधल्या साहेबांना ओलांडून थेट वर पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा साधा होता: आपल्याला चंद्रावर जायचंय की नाही? जुलै 1962 मध्ये नासाने तोच मार्ग स्वीकारला आणि 20 जुलै 1969 रोजी माणूस चंद्रावर उतरला.

ध्येय स्पष्ट असलं की लहान माणसालाही मोठ्यांशी वाद घालायला आधार मिळतो. ‘काका, तुमचं चुकतंय’ म्हणावं लागत नाही; ‘काका, याने आपलं काम होईल का?’ असं विचारता येतं.

पण विचारणाऱ्याला गप्प बसवलं, तर स्पष्ट ध्येयही कामाचं नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. कारण त्या टीममध्ये चूक लपवावी लागत नव्हती. हे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले.

तुम्ही समितीत नवीन असाल, तर तीन गोष्टी करून बघा. चर्चेआधी सगळ्यांनी लिहायचं, म्हणजे पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळे जात नाहीत. सगळ्यात ज्येष्ठ व्यक्तीने शेवटी बोलायचं. आणि कार्यक्रमानंतर ‘कोणाचं चुकलं?’ऐवजी ‘काय चुकलं?’ विचारायचं, सुरुवात अध्यक्षांनी स्वतःपासून करायची.

त्या समितीने शेवटी शाळेच्या खोल्या घेतल्या आणि गणपती छोट्या हॉलमध्ये बसवला. दोघं नाराज झाले, पण कशावर नाराज आहोत हे त्यांना नेमकं सांगता आलं. आणि ते सोडून गेले नाहीत.