तारुण्यपिटिका आणि मलमांची निवड

आमच्या वसतिगृहात परीक्षेच्या खालोखाल चर्चा चालते ती तारुण्यपिटिकांची. म्हणून हे चार शब्द. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात, मृत पेशींनी रंध्राचे तोंड बुजते, आत जंतू वाढतात आणि पुटकुळी सुजते. हा अस्वच्छतेचा दोष नव्हे. म्हणून तोंड खसाखसा घासल्याने दाह तेवढा वाढतो. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा धुणे पुरे.

बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचे घ्यावे. ते १० टक्क्यांइतकेच गुणकारी असून आग कमी करते. उशीच्या अभ्र्याचा रंग मात्र उडतो. गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.

एवढा धीर कुणाला? मग कुणीतरी सुचवलेले ‘गोरे करणारे’ मलम खोलीत येते. नळीवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेले असेल तर ते चेहऱ्याला लावू नये. ही स्टेरॉइडे प्रथम लाली उतरवतात, पुढे त्वचा पातळ करतात, आणि सोडताच पुटकुळ्या अधिकच उसळतात. नळीवरची बारीक अक्षरे वाचा, एवढेच माझे कळकळीचे सांगणे. गाठी वा व्रण दिसू लागले, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.